वर्ध्याचं ऊन आणि माणसाचं अंग

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून निघाले आणि पायी सेगावला राहायला गेले. वय ६६, महिना वैशाखाचा. सेगावला तेव्हा धड रस्ता नव्हता. पुढे १९४०मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं, कारण सेगावची पत्रं चुकून शेगावला जात. गांधीजी गावात गेले खरे, पण त्यांच्या तारा, टपाल, वर्तमानपत्रं आणि पाहुणे वर्ध्यालाच उतरत. हे सगळं सांभाळणारे महादेवभाई देसाई कुटुंबासह मगनवाडीतच राहिले. मग रोजचा क्रम असा झाला की महादेवभाईंनी टपाल घेऊन साडेपाच मैल चालत सेगाव गाठायचं, दिवसभर काम करायचं आणि तेवढंच अंतर चालून परत यायचं. कधी एकाच दिवशी अशा दोन खेपा होत. भर उन्हाळ्यात या वाटेवर पारा ११५ अंश फॅरनहाइटच्या घरात, म्हणजे ४६ अंश सेल्सिअसपर्यंत जाई.

महादेवभाई सुरत जिल्ह्यातले. समुद्राकडच्या दमट, मध्यम हवेत वाढलेले. पुढे रक्तदाबाने ते खचले, आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय अवघं ५०. त्यांचे चिरंजीव नारायण देसाई यांनी वडिलांचं चरित्र लिहिलं. वर्ध्याच्या उन्हातल्या त्या पायपिटीने वडिलांची प्रकृती मोडली, असं त्यांचं म्हणणं होतं. एका मृत्यूचं खापर एका कारणावर फोडता येत नाही. कामाचा डोंगर आणि मनावरचा ताणही होताच. पण ऊन हे त्यातलं एक कारण होतं, हे नाकारण्याचंही कारण नाही.

त्याच वाटेने त्याच काळात सेगावचे शेतकरी आणि मजूर डोक्यावर ओझं घेऊन वर्ध्याच्या बाजाराला जात-येत होते. त्यांनाही ऊन लागे, त्यांच्यातलीही माणसं दगावत. तरी बहुतेकांचं अंग ते ऊन सोसत होतं. महादेवभाई आणि हे मजूर यांच्या शरीरात नेमका फरक कोणता, तो कशावरून ओळखायचा, आणि तो जन्माने येतो की कमवावा लागतो? या प्रश्नांची उत्तरं जगात ज्या वाटेने सापडली, ती वाट सोन्याच्या खाणी, कापडगिरण्या आणि लष्कराच्या छावण्यांतून गेली आहे. वर्ध्याच्या शेतापर्यंत ती फार उशिरा आली.

इंग्रजांचं उत्तर ठरलेलं होतं. नागपूर जिल्ह्यातून १८६२मध्ये वर्धा जिल्हा वेगळा काढला, १८६६मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवायला घेतलं, आणि पाठोपाठ मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे इथून गेली. कापसाच्या या मुलखात साहेब लोक आले, पण उन्हाळ्यात थांबायला कोणी तयार नसे. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला जाई, वऱ्हाडातले अधिकारी चिखलदऱ्याला. जे मागे राहत त्यांच्यासाठी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांवर दिवसभर पाणी मारायला माणूस बसे. सूर्याचे किरण कवटीतून आणि पाठीच्या कण्यातून आत शिरतात, अशी तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती. म्हणून डोक्यावर सोला टोपी, पाठीवर कापडी गादी आणि पोटाला फ्लॅनेलचा पट्टा. अमेरिकन लष्कराने तर फिलिपिन्समध्ये सैनिकांना नारिंगी-लाल अंतर्वस्त्रं घालून पाहिली, किरण अडतील म्हणून. त्या प्रयोगाचा निष्कर्ष १९१०मध्ये छापून आला: फायदा काही नाही, उलट गरम जास्त होतं.

या साऱ्यामागे एक गृहीतक होतं. देशी माणसाला ऊन बाधत नाही, ते त्याच्या रक्तातच आहे. हे गृहीतक फार सोयीचं होतं, कारण त्यामुळे ताटीवर पाणी मारणाऱ्याला सावली लागत नाही असं मानता येई. १८९९-१९००च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या सरकारी कामांवर हजारो भुकेली माणसं भर उन्हाळ्यात खडी फोडत होती. त्यांच्या अंगात सोसण्याची ताकद किती उरली आहे, हे मोजायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मोजमाप सुरू झालं ते मजुराच्या घामात पैसा अडकला तेव्हा. इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी कॉर्नवॉलमधल्या कथिलाच्या खोल खाणींत आणि गरम कोठड्यांत प्रयोग करून १९०५मध्ये एक गोष्ट दाखवली. नुसत्या तापमानावरून काही कळत नाही. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जो आकडा येतो, त्याला आपण ओला पारा म्हणू, तो खरा पाहायचा. स्थिर हवेत तो ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३१ सेल्सिअसच्या वर गेला की उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचंही शरीर आतून तापू लागतं. याचं कारण घामात आहे. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच ओल असेल तर घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम काही थंडावा देत नाही.

हा प्रश्न कापडगिरण्यांशीही जोडलेला होता. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरण्यांमध्ये मुद्दाम वाफ आणि पाण्याचे फवारे सोडत. हिंगणघाटच्या आणि पुलगावच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उभ्या राहिल्या. बाहेरचा विदर्भाचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि आत साच्यांजवळ कोकणासारखा दमट उकाडा. मजूर दिवसभर या दोन हवांमध्ये ये-जा करी. हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या या दमटपणाची सरकारने अखेर चौकशी करवली आणि टी. मलोनी यांचा अहवाल १९२३मध्ये निघाला.

खरा धडा मात्र दक्षिण आफ्रिकेने दिला. जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणी जसजशा खोल गेल्या तसतसा खालचा उकाडा असह्य झाला, आणि १९२४पासून तिथे उष्माघाताने कामगार मरू लागले. ते बहुतेक सारे आफ्रिकन होते, म्हणजे साहेबांच्या हिशोबाने ज्यांच्या रक्तातच ऊन होतं असे. तरीही ते मरत होते, आणि बहुतेक मृत्यू कामावर नव्याने आलेल्यांचे होते. खाणीतले डॉक्टर ए. ओ. ड्रिओस्टी यांनी १९३०च्या दशकात नव्या कामगारांना उष्ण, दमट खोलीत तासभर फावड्याने दगड उपसायला लावून त्यांच्या शरीराचं तापमान मोजलं. काम सगळ्यांना एकच, पण कोणाचं तापमान जेमतेम चढे आणि कोणाचं धोक्यापर्यंत. पण ज्यांचं चढलं त्यांना सुमारे दोन आठवडे थोडं थोडं काम वाढवत उकाड्यात ठेवलं, तर त्यातले बहुतेक सोसू लागत. खाणमालकांना माणुसकीपेक्षा सोन्याचीच काळजी होती, हे खरं. तरीही या कोठड्यांनी एक मोठा गैरसमज मोडला. उन्हाला सरावलेलं अंग वारशाने मिळत नाही, ते काही दिवसांच्या कामाने घडतं.

या घडण्याच्या खुणा आता चांगल्या माहीत आहेत. माणूस रोज तास-दीड तास उन्हात काम करू लागला की पहिल्या तीन-चार दिवसांतच त्याच्या रक्तातलं पाणी वाढतं. रक्त वाढलं की तेच काम करताना हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात नाडी उतरते. त्यानंतर घामाची पाळी येते. घाम आधीपेक्षा लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. सरावलेला माणूस तासाला एक ते दोन लिटर घाम गाळू शकतो. शरीराच्या आतलं तापमान विश्रांतीतही थोडं खाली बसतं आणि कामात आधीइतकं चढत नाही. हे सारं पुरतं व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. आज प्रयोगशाळेत हे पाहायला गिळण्याची थर्मामीटरची गोळी असते, ती पोटातून तापमान कळवत राहते. तरी नाडी हीच सर्वांत साधी खूण. ती मनगटावर बोटं ठेवून कोणालाही मोजता येते.

पाचवी खूण मिठाची, आणि तिची गोष्ट थेट वर्ध्याच्या इतिहासाला भिडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना पॅसिफिकच्या जंगलांत पाठवायचं होतं. मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर जेरोम कॉन यांनी माणसांना कृत्रिम उकाड्यात दिवसचे दिवस ठेवून त्यांचा घाम तपासला. पहिल्या दिवशीचा घाम खारट होता. आठ-दहा दिवसांनी घाम वाढला, पण त्यातलं मीठ निम्म्याहून कमी झालं. शरीर पाणी सोडत होतं आणि मीठ धरून ठेवत होतं. मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या ग्रंथींतून एखादा रस हे करवत असावा, असा कॉन यांचा तर्क होता. १९५३मध्ये इंग्लंडमध्ये सिम्पसन आणि टेट यांनी अल्डोस्टेरॉन हा तो संप्रेरक वेगळा काढला. मग कॉन यांनीच या ग्रंथींतल्या गाठीमुळे होणारा रक्तदाबाचा एक विकार शोधला, आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मीठ धरून ठेवण्याची ही युक्ती शरीराला यायला मात्र आधी पोटात मीठ जावं लागतं. उन्हात राबणाऱ्याला मीठ लागतंच, आणि श्रीमंतापेक्षा गरिबाला जास्त लागतं. १९३०मध्ये गांधीजींनी मिठावरच्या कराविरुद्ध उभं राहताना हीच बाजू मांडली होती: हवा आणि पाणी यांच्या खालोखाल मीठ ही माणसाची गरज, आणि कर गरिबाच्या अंगावर सर्वांत जड. कॉन यांच्या प्रयोगांच्या दहाहून अधिक वर्षं आधीचा हा युक्तिवाद. साबरमतीहून दांडीला निघताना स्वराज्याशिवाय आश्रमात परत येणार नाही असं ते म्हणाले होते. म्हणूनच पुढे त्यांचा मुक्काम जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्याला पडला. मिठासाठी घर सोडलेला माणूस देशातल्या सर्वांत तापणाऱ्या जिल्ह्यांपैकी एकात येऊन राहिला. योगायोगच, पण अर्थाने भरलेला.

गांधीजींच्या स्वतःच्या शरीराचं काय? कपाळावर आणि पोटावर ओल्या मातीची पट्टी, डोक्यावर ओलं फडकं, अंगावर जेमतेम पंचा. घाम सुकायला याहून चांगला वेश सापडणार नाही. तरीही १९३६च्या मे महिन्यात प्रकृतीमुळे ते दक्षिणेत नंदी हिल्सवर गेले आणि जूनच्या मध्यावर सेगावला परतले. ज्या महिन्यात अंग उन्हाला सरावतं तोच महिना थंड डोंगरावर गेला. कमावलेला सराव टिकत नाही, ही या शास्त्राची दुसरी मोठी शिकवण. ऊन सुटलं की तो ओसरू लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक नाहीसा होतो.

मग जन्माचा वाटा काहीच नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांनी आयुष्य घामाच्या अभ्यासात घालवलं. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामग्रंथी असतात, पण साऱ्या कामाला लागतातच असं नाही. कुनो यांना आढळलं की जपानमध्ये वाढलेल्या लोकांपेक्षा फिलिपिन्समधल्या लोकांत कामाच्या ग्रंथी जास्त असतात. पुढचा शोध महत्त्वाचा. जपानी आईबापांची, पण उष्ण देशात जन्मून वाढलेली मुलं पाहिली तर त्यांच्यात कामाच्या ग्रंथी तिथल्या स्थानिकांइतक्याच निघाल्या. मोठेपणी उष्ण देशात गेलेल्या जपान्यांत मात्र त्या वाढल्या नाहीत. म्हणजे आयुष्याच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत जी हवा अंगाला लागते ती किती ग्रंथी जाग्या होणार हे ठरवते. सेगावात जन्मलेल्या मुलाला सुरतेच्या मुलापेक्षा काही मिळालंच असेल, तर ते आईच्या मांडीवर काढलेल्या त्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत मिळालं.

शरीराच्या ठेवणीबद्दलही बरंच लिहिलं गेलं आहे. उष्ण मुलखातली माणसं सरासरीने हलकी आणि लांब हातापायांची असतात, म्हणजे वजनाच्या मानाने कातडी जास्त आणि उष्णता सोडायला जागा जास्त. डेरेक रॉबर्ट्स यांनी १९५३मध्ये जगभरचे आकडे जमवून वजन आणि तापमान यांचं हे नातं दाखवलं. पण सरासरीवरून एका माणसाचं काही सांगता येत नाही. शिवाय विदर्भातल्या मजुराचं हलकं वजन हवामानाने आलं की अर्धपोटी राहण्याने, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला उन्हाची देणगी म्हणणं अन्यायाचं आहे.

सर्वांत आतली खूण पेशीत आहे. १९६०च्या सुमारास इटलीत फेरुचिओ रितोसा हे फळमाश्यांच्या गुणसूत्रांवर काम करत होते. कोणीतरी चुकून माश्या ठेवलेल्या पेटीचं तापमान वाढवलं, आणि रितोसा यांना गुणसूत्रांवर काही ठिकाणी नवे फुगवटे दिसले. गरम होताच काही जनुकं कामाला लागली होती. १९६२मध्ये त्यांनी हे छापलं; त्याआधी एका नावाजलेल्या नियतकालिकाने, याचं महत्त्व काय, म्हणून लेख परत केला होता. त्या जनुकांतून बनणारी प्रथिनं उष्णतेने वेडीवाकडी झालेली इतर प्रथिनं सावरतात. उन्हाला सरावलेल्या माणसाच्या रक्तपेशींत ती आधीच जास्त साठलेली असतात. जेरुसलेमच्या मिखाल होरोविट्झ यांनी उंदरांवर आणखी एक गोष्ट दाखवली: एकदा उष्णतेला सरावलेलं शरीर ते विसरलं तरी दुसऱ्यांदा लवकर शिकतं. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा वर्ध्याचा मुलगा मे महिन्यात घरी येतो तेव्हा पहिले दोन दिवस त्याचं डोकं धरतं, अंग मोडतं, घरचे त्याला नाजूक झाला म्हणतात. तो नाजूक झालेला नसतो, त्याचा सराव सुटलेला असतो. नव्याने आलेल्या पाहुण्यापेक्षा तो लवकर सावरण्याची शक्यताही चांगली असते.

या साऱ्या शास्त्राच्या आधी वर्ध्याच्या शेतीचा एक क्रम होता, आणि तो नीट पाहिला तर त्यात ड्रिओस्टींच्या कोठडीतला टप्प्याटप्प्याचा सराव आपोआप होत असे. होळी जळाली की थंडी पळाली. गुढीपाडव्याला सालगडी बदले, नवा माणूस नव्या मालकाकडे कामाला लागे. चैत्रात पऱ्हाटी उपटायची, काडीकचरा वेचायचा, शेणखत बंडीने शेतात टाकायचं, वखरणी करायची. काम पहाटे सुरू होई आणि दहा-अकराला थांबे, दुपार झाडाखाली जाई, ऊन कलल्यावर पुन्हा. ऊन रोज थोडं वाढे आणि अंगही त्याबरोबर तयार होई. मृग लागेपर्यंत त्या सालगड्याच्या अंगावर जवळजवळ अडीच महिन्यांचा सराव चढलेला असे. त्यात गरिबाचं शोषण होतं, सालगड्याचं जिणं सुखाचं नव्हतं, पण त्या क्रमातला एवढा गुण मान्य करायला हवा.

पोटात जाणारंही याच क्रमाने चाले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि आंब्याची डाळ, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर, घरोघरी ताक, ज्वारीची आंबील, सातू. पन्ह्यात गूळ आणि मीठ दोन्ही. आतड्यात साखरेबरोबर मीठ आणि त्याच्याबरोबर पाणी लवकर शोषलं जातं हे विज्ञानाला १९६०च्या दशकात कळलं, आणि १९७१मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी त्यावर हजारो जीव वाचवले. पन्हं म्हणजे औषध नव्हे, पण त्यातली जोडी बरोबर आहे. खिशात ठेवलेल्या कांद्याबद्दल असं म्हणता येत नाही. कांदा खाल्ला तर चांगला. खिशात ठेवून ऊन लागायचं टळत नाही, आणि त्या भरवशावर दुपारी बाहेर पडणं धोक्याचं आहे.

घरांचंही तसंच. सेवाग्रामची बापूकुटी गावच्या माती, बांबू आणि कवेलूंची आहे. मीराबेननी ती आपल्यासाठी बांधली होती, पुढे गांधीजी तिथे राहिले. जाड मातीच्या भिंती दिवसाची उष्णता आत यायला वेळ लावतात, भोवतीचा पडवीचा सावलीपट्टा भिंतीवर ऊन पडू देत नाही, आणि रात्री माणसं अंगणात बाजेवर झोपत. आज गावागावांत कवेलू जाऊन टिनाचं छप्पर आणि स्लॅब आला. टिन दिवसा भाजतं, स्लॅब रात्रभर साठवलेली उष्णता सोडत राहतो. रात्री अंग थंड झालं नाही तर दिवसाचा सरावही कामाला येत नाही.

इथे हॉल्डेनच्या ओल्या पाऱ्याकडे परत वळायला हवं, कारण वर्ध्याचा सर्वांत मोठा गैरसमज त्यातून दिसतो. मे महिन्यात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के दमटपणा असेल तेव्हा ओला पारा जेमतेम २४ अंशांवर असतो. म्हणून तर कूलर इथे इतका चालतो आणि कोकणात चालत नाही. पण मृगाचा पहिला पाऊस पडतो, तापमान ४० वर येतं, माणसं सुटकेचा श्वास टाकतात; त्याच वेळी दमटपणा ४० टक्क्यांवर गेला तर ओला पारा २८च्या पुढे जातो. थर्मामीटर पाच अंशांनी उतरतं आणि अंगावरचा भार चार अंशांनी चढतो. नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते, आणि वर्षातलं सर्वांत कष्टाचं काम भर दुपारी होतं. २०२२मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत दमट हवेतली मर्यादा ३१ अंशांच्या जवळ निघाली, म्हणजे हॉल्डेन यांनी ११७ वर्षं आधी सांगितली होती तिथेच. कोरड्या, कडक उन्हात ती आणखी खाली, २५ ते २८च्या दरम्यान आली, कारण तिथे घाम सुकत असला तरी शरीर पुरेसा घाम बनवूच शकत नाही. म्हणजे मेच्या कोरड्या उन्हातही वर्ध्याचा माणूस मर्यादेच्या अगदी कडेने चालत असतो. आणि हे आकडे हलकं काम करणाऱ्या तरुणांचे आहेत. म्हाताऱ्या माणसाला घामही कमी येतो आणि तहानही कळत नाही.

सरावाने ही कड थोडी पुढे सरकते, पण नाहीशी होत नाही. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला, भान हरपलं, की तो उष्माघात आहे. तेव्हा पाणी पाजत बसू नये. अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, बर्फ मिळाला तर लावावा, आणि दवाखान्यात न्यावं. विदर्भातल्या रुग्णालयांत उन्हाळा लागला की उष्माघात कक्ष उघडले जातात. सेवाग्रामला १९४५मध्ये कस्तुरबांच्या नावाने सुरू झालेला छोटा दवाखाना १९६९मध्ये सुशीला नायर यांच्या प्रयत्नांनी देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झाला. ज्या वाटेने महादेवभाई चालत, तिच्या टोकाला आज हे रुग्णालय उभं आहे.

आता सालगडी कमी झाले. सेलू-आर्वीकडून समृद्धी महामार्ग गेला, आणि अशा कामांवर परराज्यांतून रेल्वेने आलेला मजूर दुसऱ्याच दिवशी काँक्रीटवर उभा राहतो. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंतचा सराव त्याला कोणी दिलेला नसतो. अमेरिकेत कामगार-सुरक्षेचं काम पाहणारं सरकारी खातं सांगतं की उष्णतेने होणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणून तिथला सल्ला असा आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा द्यायचा आणि रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणायचं. आधी सरावलेला, पण सुट्टीवरून परतलेला माणूस असेल तर अर्ध्या कामापासून सुरुवात करायची.

वर्धा जिल्ह्यातले शेतकरी, ठेकेदार, वीटभट्टीवाले आणि जिनिंगवाले यांनी येत्या उन्हाळ्यात एवढं करावं: नव्या मजुराचे पहिले पाच दिवस पूर्ण मजुरीवर कमी कामाचे ठेवावेत, पाण्याच्या पिंपाजवळ मीठ-साखर ठेवावी, आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतरचा आठवडा उन्हाळ्यातच मोजावा.